थारला आणि जिम्नीला पीयू बुश: कुठे घालावेत, कुठे मूळ रबरच ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमध्ये २०१४ ची थार सीआरडीई (डिझेल) आहे. आठवडाभर पाथर्डी फाटा ते सातपूर ये-जा, आणि पावसाळ्यात दर रविवारी त्र्यंबक, हरसूल, भावली धरणाच्या बाजूच्या कच्च्या वाटा. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, म्हणजे जोडातल्या बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या, संपलेत, पुढूनही टक-टक येते. दुकानदाराचं म्हणणं, ‘सगळीकडे पीयू टाका, परत बघायला नको.’ पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, रबरापेक्षा कडक असं प्लास्टिक. मित्राची दोन इंच उचललेली जिम्नी आहे, त्यालाही पूर्ण संच घ्यायचाय. घ्यावा का?

पूर्ण संच दोघांनीही घेऊ नये. थारला काही जागी पीयू चांगला बसेल. जिम्नीला दोन-तीन जागा सोडल्या तर तो नुकसानच करेल. ‘गाडीला रबर की पीयू’ असा प्रश्न विचारला की उत्तर चुकतं. प्रत्येक जोडाला विचारायचं: तू फक्त बोल्टभोवती फिरतोस, की आडवातिडवा पिळलाही जातोस?

आधी दोन्ही बुश काम कसं करतात ते नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. मूळ रबरी बुश मधून कापला तर आत पोलादी नळी दिसते, बाहेर पोलादी कवच, आणि मधलं रबर दोन्हींना कारखान्यातच उष्णतेने चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते, ती फिरतच नाही. आर्म (चाक किंवा अ‍ॅक्सल चासीला जोडणारा दांडा) वर-खाली झाला की रबर स्वतः पिळलं जातं आणि परत येतं. काहीच कशावर घासत नाही. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, तो वाजत नाही, आणि चिखलाला आत शिरायला फटच नसते. पीयूचं उलट आहे. त्याचे बहुतेक वेळा दोन अर्धे भाग असतात, मधून नळी जाते, आणि पीयू त्या नळीवर घसरत फिरतो. फिरणं मोकळं होतं, पण घसरणाऱ्या प्रत्येक वस्तूसारखं त्याला वंगण लागतं आणि मध्ये एक फट राहते.

दुसरा फरक कडकपणाचा. मूळ रबर साधारण ५० ते ७० शोअर ए (कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं कडक) असतं, बाजारातले पीयू ७५ ते ९५. ९५ म्हणजे ट्रॉलीच्या चाकाइतका कडक. रबर सगळ्या दिशांना थोडं थोडं दबतं, ९५ चा पीयू जवळजवळ दबतच नाही.

आता जिम्नी. तिच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल आहे. प्रत्येक अ‍ॅक्सलला दोन लांब आर्म, आणि आडवा पॅनहार्ड रॉड. प्रत्येक आर्म अ‍ॅक्सलला दोन बुशांनी धरलेला आणि चासीला एका बुशाने. म्हणजे आर्मचेच बारा बुश झाले. या सगळ्यांचे बोल्ट गाडीच्या रुंदीच्या दिशेने आडवे. एक चाक दगडावर चढलं आणि दुसरं खड्ड्यात गेलं की अ‍ॅक्सल गाडीच्या लांबीच्या अक्षाभोवती कलंडतो, म्हणजे बोल्टच्या बरोबर काटकोनात. त्या दिशेला बोल्टभोवती फिरून काहीच साधत नाही. डावा आर्म वर, उजवा खाली, आणि दोन्ही आर्म दोन-दोन बुशांनी अ‍ॅक्सलला जखडलेले. अशा वेळी अ‍ॅक्सलचं नळकांडंच एखाद्या जाड स्टॅबिलायझर बारसारखं (गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडलेली सळई) वागायला लागतं. चाकाला जो काही जादा प्रवास मिळतो तो केवळ रबर दबल्यामुळे. तिथे ९५ चा पीयू ठोकला की ती जागा संपते. चाक आधी हवेत उचलतं, आणि जो पीळ रबर गिळत होतं तो आता ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर आणि आर्मच्या मानेवर जातो. ब्रॅकेटच्या कडेला केसाएवढी गंजाची रेघ दिसायला लागली की ओळखा, वेल्ड तडकू लागलंय.

त्याच गाडीचा पॅनहार्ड रॉड मात्र पीयूसाठी अगदी योग्य आहे, कारण त्याचे बोल्ट लांबीच्या दिशेने असतात. अ‍ॅक्सल वर-खाली होवो की कलंडो, रॉड बोल्टभोवतीच फिरतो, पिळला जवळजवळ जात नाही. शिवाय अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे धरण्याचं काम त्याचं एकट्याचं. तिथलं रबर सैल झालं की स्टीअरिंगला उशिरा जाग येते आणि ६०-७० च्या वेगाला पुढची चाकं थडथडायला लागतात. तिथे ८० च्या आसपासचा पीयू घातला की स्टीअरिंग लगेच घट्ट वाटतं. थडथड आहे म्हणून नुसता बुश बदलू नका, एवढं सांगून ठेवतो. चाकांचं बॅलन्सिंग, किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनेचे) बेअरिंग, टाय रॉडची टोकं आधी तपासा. सैल किंगपिन असलेल्या गाडीला नवा पॅनहार्ड बुश चार दिवस बरा वाटतो, मग दुखणं परत येतं.

गाडी दोन इंच उचलल्यावर जिम्नीचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टीअरिंग वळणानंतर आपणहून सरळ येत नाही आणि हायवेवर गाडी भरकटते. यावर ज्याचं भोक मध्यभागी नसून बाजूला आहे असे कॅस्टर बुश मिळतात. उपाय बरोबर आहे, पण ते बहुतेक पीयूचे असतात आणि नेमके आर्म-अ‍ॅक्सलच्या जोडात बसतात, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्यात वाईट जागी. त्यापेक्षा मूळ रबरी बुश बसतील असे कॅस्टर दुरुस्त केलेले आर्म किंवा चासीकडचा जोड खाली आणणारे ब्रॅकेट घ्या. खर्च जास्त होतो, पण अ‍ॅक्सलचा मोकळेपणा टिकतो. फारच ओढाताण असेल तर कॅस्टर बुश निदान रबराचा शोधा.

आता थार. जुन्या सीआरडीईला पुढे टॉर्शन बारवर (स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी सळई) स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाटे. पुढच्या लोअर-अप्पर आर्मचे बुश बिजागरीसारखे एका रेषेत असतात. आर्म त्या एकाच अक्षाभोवती हलतो, त्यामुळे पीयू इथे अडत नाही. तरी रोज शहरात चालणाऱ्या थारच्या आर्मला मूळ रबरच घाला असं माझं ठाम मत आहे. पुढच्या चाकाचा प्रत्येक दणका या बुशांतूनच चासीत शिरतो. कसाऱ्याचा घाट उतरताना किंवा समृद्धीच्या काँक्रीटवर पीयूची गुणगुण पायाखाली आणि स्टीअरिंगमध्ये सतत येत राहते. लोखंडी बंपर आणि विंच कायम लावलेली असेल, रबर दर दीड-दोन वर्षांनी फाटत असेल, तरच लोअर आर्मला ७५-८० चा पीयू वापरा.

मागच्या पाट्यांना एका बाजूला तीन जागा असतात: पुढचा डोळा, मागचा डोळा, आणि शॅकल (पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या झुलत्या पट्ट्या) चासीला जिथे टांगलेली असते ती. पुढच्या डोळ्यातून गाडी ढकलली जाते आणि ब्रेकचा जोरही तिथेच येतो, तो हादरा रबराने खाल्लेला बरा. तिथे मूळ बुशच. शॅकलच्या दोन्ही जागा मात्र मोठ्या कोनात फिरतात. एवढ्या फिरण्याने रबर पिळून फाटतं किंवा सुटं होऊन डोळ्यातच फिरायला लागतं. तुमचे संपलेले बुश बहुधा हेच असणार. तिथे पीयू घाला, पण ८० च्या वर नको, कारण आडवातिडवा रस्ता आला की पाटा स्वतः पिळला जातो आणि शॅकलच्या पट्ट्या कलतात. ९५ चा बुश तो कल अडवतो आणि शॅकलच्या पिना वाकतात. निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेल्या शॅकल पिना मिळत असतील तर त्याच घ्या. ग्रीस-पंपाने आतून ग्रीस ढकललं की जुना चिखल कडेने बाहेर येतो.

स्टॅबिलायझर बारचे डी-बुश (बारला चासीशी धरणारे, इंग्रजी डी आकाराचे) दोन्ही गाड्यांना बिनधास्त पीयूचे घाला. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक तिथेच जाणवतो. शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे बुश मात्र रबराचेच. विशेषतः वरून दांडी असलेला शॉक असेल तर कडक बुश त्या दांडीला वाकवत राहतो आणि ती एक दिवस आट्यांपाशी मोडते. बॉडीखालच्या आणि इंजिनच्या माउंटला पीयूचा विचारच नको. चासी पिळली जाते तेव्हा बॉडी वेगळी राहावी म्हणून ती रबरं असतात.

आपल्या भागाचा प्रश्न वेगळा आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्र्यंबकच्या पट्ट्यातही मुबलक. भातखाचराचा बारीक गाळ आणि मुरमाची भुकटी पाण्याबरोबर पीयूच्या फटीत शिरते, ग्रीसमध्ये कालवली जाते, आणि मग तीच व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करते. एका पावसाळ्यात नळीवर बोटाच्या नखाला लागेल एवढी खाच पडू शकते. नळी साध्या लोखंडाची असली तर आधी गंज, मग त्या खरखरीत गंजावर पीयू घासून झिजतो. मागाहून नवा पीयू घातला तरी खेळ राहतो, कारण नळी गेलेली असते.

शिवाय पीयू दोन जातीचा असतो. पॉलिएस्टर जातीचा तेल-घासणी छान सोसतो, पण सतत ओल आणि उष्णता मिळाली की पाण्याने त्याची साखळीच तुटत जाते. आधी चिकट होतो, मग चिमटीत भुगा होतो. पॉलिईथर जातीचा पाण्यात टिकतो. इगतपुरीकडे गाडी न्यायची असेल तर पॉलिईथरच हवा. लाल, पिवळा, काळा या रंगावरून यातलं काहीच कळत नाही. विक्रेत्याला विचारा, लेखी सांगत नसेल तर घेऊ नका.

रबराचा खरा शत्रू चिखल नाही, तेल आहे. पावसाळ्यात गंज नको म्हणून वॉशिंग सेंटरवर खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारतात. ते नैसर्गिक रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि नळीपासून सुटायला लागतं. खालून फक्त पाणी मारून घ्या आणि गंजासाठी चासीवर ब्रशने लेप द्या, बुश सोडून. हब किंवा डिफरन्शियलचं सील गळत असेल तर ते आधी बदला, नाहीतर नवीन बुश वर्षभरात जुन्यासारखाच होईल.

पीयू घालताय तर वंगणाचा दिनक्रम पाळावा लागेल. मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याला गाडी धुताना एकदा. जाड सिलिकॉन ग्रीस किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) मिसळलेलं सिलिकॉन ग्रीस वापरा. दुकानातलं साधं चासी ग्रीस शेजारच्या रबराला बाधतं. पीयू चिरचिर वाजला की लोक डब्यातलं गंज सोडवणारं स्प्रे मारतात. आवाज दोन दिवस थांबतो, कारण स्प्रेने उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढलेलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट वाजतो. दर वर्षी दोनदा बोल्ट काढून किंवा निपलने ग्रीस देणं जमणार नसेल तर सगळीकडे मूळ रबरच घाला. त्यात कमीपणा काही नाही. लक्ष न दिलेल्या गाडीत रबर जास्त टिकतं.

घेताना व्हर्निअर बरोबर ठेवा. ब्रॅकेटच्या आतल्या दोन भिंतींमधलं अंतर, डोळ्याचा आतला व्यास, बोल्टचा व्यास, एवढं मोजून जा. पीयूच्या संचातली नळी पीयूच्या कडांपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर लांब असली पाहिजे. बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेटने नळी धरायची असते. नळी तोकडी असेल तर पीयूच चिमटला जातो, सांधा जखडतो आणि कडा फाटतात. फार लांब असेल तर आर्म आडवा सरकत टकटकतो. अंबड-सातपूरच्या युनिटमधून ओतून घेत असाल तर ‘८० शोअर, पॉलिईथर’ असं स्पष्ट सांगा, आणि नळी ईएन-८ पोलादाची किंवा स्टेनलेसची करून घ्या. पातळ पाइपाची नळी टॉर्कला दबते आणि बोल्ट ढिला होतो. मूळ रबरी बुश घेताना पाकिटावरचा महिना-साल बघा. कपाटात चार-पाच वर्षं पडलेलं रबर गाडीला लागण्याआधीच निम्मं म्हातारं झालेलं असतं.

काढण्याआधी जुना खरंच गेलाय का बघा. रबरावरच्या बारीक भेगा म्हणजे निकाल नव्हे. पहार ब्रॅकेट आणि आर्मच्या मध्ये घालून हलकं रेटा. चांगलं रबर थोडं दबून आवाज न करता परत येतं. गेलेला बुश ‘टक’ करतो आणि रबर व नळीच्या मध्ये काळी फट उघडते. पाट्याच्या डोळ्यात पिनेच्या वरचं आणि खालचं रबर सारख्या जाडीचं आहे का बघा. पीन एका बाजूला बसलेली असेल तर रबर खल्लास. शॅकलच्या पट्टीवर घासून चमकलेली पांढरी रेघ दिसली तर लोखंडाला लोखंड लागतंय. तुमची पुढची टक-टक लोअर बॉल जॉइंटची किंवा स्टॅबिलायझर लिंकचीही असू शकते, म्हणून चाक उचलून १२ आणि ६ वाजताच्या जागी धरून हलवा. खेळ बॉल जॉइंटलाच दिसला तर बुश बदलून आवाज जाणार नाही.

बसवताना गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. थारच्या पुढच्या आर्मला हात लावण्याआधी टॉर्शन बारच्या अ‍ॅडजस्टिंग बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते व्हर्निअरने मोजून भिंतीवर लिहा आणि मगच बार ढिला करा. त्या बारमध्ये चाक उचलून धरण्याएवढी ताकद साठलेली असते. ताण असताना आर्मचा बोल्ट काढला तर हात जातो. पाट्यांना एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे अ‍ॅक्सल जागेवर राहतो. आदल्या रात्री प्रत्येक बोल्टला गंज सोडवणारं तेल देऊन ठेवा.

जुना बुश गॅसने जाळून काढायला देऊ नका. रबराचा धूर वाईट, पीयूचा त्याहून विषारी, आणि आर्मचा रंग जळला की गंज तिथूनच सुरू होतो. हायड्रॉलिक प्रेस किंवा लांब बोल्ट-वॉशरचा ओढणा वापरा. कवच जाम असेल तर हॅक्सॉ ब्लेडने फक्त कवचाला चीर पाडा, डोळ्याला नाही. त्याआधी संचाचं पत्रक वाचा, कारण काही पीयू बुश जुन्या कवचातच बसतात, आणि ते कापून टाकलं तर डोळ्यात ढिले राहतात. डोळा आतून पॉलिश पेपरने साफ करा. रबरी बुश साबणाच्या पाण्याने दाबा, तेल-ग्रीसने अजिबात नाही. जोर फक्त बाहेरच्या कवचावर द्या, मधल्या नळीवर नाही. बुशवर बाण किंवा अर्धचंद्राकृती पोकळ्या असतील तर जुन्याची दिशा आधी खुणावून ठेवा. त्या पोकळ्या मुद्दाम एका दिशेला मऊपणा देतात. ९० अंश चुकली तर ब्रेकला गाडी ओढते. पीयूला नळीच्या बाहेर आणि दोन्ही कडांच्या तोंडावर ग्रीसचा पातळ थर पुरतो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. रबरी बुशचे बोल्ट चाकं लटकत असताना कधीच आवळू नका. लटकत्या स्थितीत नळी जखडली की गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते चोवीस तास ताणातच असतं, खड्ड्यात तर आणखी पिळलं जातं. ‘मूळ बुश सहा महिन्यांत गेले, आता पीयूच घालतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. बोल्ट आधी हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकलून आणि दाबून सस्पेन्शन बसू द्या, नेहमीचं सामान गाडीत ठेवा, आणि मग खाली झोपून मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. पीयूला हे एवढं लागत नाही, कारण तो नळीवर घसरतो. पण पीयूच्या आर्मची वेगळी परीक्षा घ्या. टॉर्शन बार ढिला, शॉक सुटा आणि स्टॅबिलायझर लिंक काढलेली असताना बोल्ट आवळून आर्म हाताने वर उचला आणि सोडा. तो सावकाश, न अडता खाली आला पाहिजे. मध्येच थांबला तर नळी तोकडी आहे किंवा दोन बुश एका रेषेत नाहीत. तसाच गाडीत गेला तर महिनाभरात वाजणार.

थारच्या आर्मला पीयू घातलात तर उंचीही परत जुळवा. जुन्या रबराचा पीळ आर्मला थोडा उचलून धरत असेल, तर तो गेला की पुढून गाडी थोडी बसू शकते. भिंतीवर लिहिलेल्या आट्यांपासून सुरुवात करा, सपाट जागेवर दोन्ही बाजूंची फेंडरपासून हबपर्यंतची उंची टेपने मोजून बार जुळवा, आणि त्यानंतरच अलाइनमेंट. पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकलचे नट ५०० किलोमीटरनंतर परत टॉर्क रेंचने तपासा. पहिल्या मोठ्या चिखलानंतर एकदा खाली वाकून बघा: पीयूच्या कडेने काळपट ग्रीस बाहेर आलेलं दिसलं तर चालेल, लालसर गंजाची पूड दिसली तर त्याच आठवड्यात बोल्ट काढून नळी बघा.